शास्त्र, कायदा आणि गजेंद्रगडकर

२०२१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि ‘पन्नास टक्क्यांची मर्यादा’ हे शब्द गावोगावच्या बोलण्यात आले. ही मर्यादा १९९२ च्या मंडल निकालाने पक्की केली, असे वर्तमानपत्रांनी सांगितले, आणि ते खरेच होते. पण तिचा उगम त्याहून तीस वर्षे जुना आहे. म्हैसूर राज्याच्या एका आदेशाविरुद्धच्या याचिकांवर निकाल देताना, २८ सप्टेंबर १९६२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, मागासांसाठीची खास तरतूद ढोबळ मानाने निम्म्याहून कमी असावी. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्यात जन्मलेले आणि वाढलेले होते.

दिवाळीच्या तोंडावर कारखान्यांत बोनसची बोलणी सुरू होतात. नफ्यातून कोणत्या रकमा वजा करायच्या आणि उरलेल्या शिलकेवर कामगाराचा हक्क किती, हा हिशेब देशभर स्थिरावला तोही याच न्यायमूर्तींच्या एका निकालाने. निवडणुकीच्या सभेत एखादा वक्ता, ‘हिंदू ही जीवनपद्धती आहे असे सर्वोच्च न्यायालयच म्हणते’ असे ठणकावून सांगतो. त्या विधानाचा माग काढत गेले, तर वाट पुन्हा याच माणसाच्या निकालपत्रापाशी येते.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे भारताचे सातवे सरन्यायाधीश आणि मराठी भाषक घरातून त्या पदावर पोहोचलेले पहिले. महाराष्ट्राला रानडे ठाऊक आहेत, तेलंग निदान नावाने ठाऊक आहेत, रामशास्त्री तर मुलांच्या गोष्टीत आहेत. गजेंद्रगडकर मात्र वकिलांच्या कपाटातल्या जाड रिपोर्टांत राहिले. त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत, निकाल तर इंग्रजीतच. ज्यांच्या आयुष्यावर त्या निकालांचा रोज परिणाम होतो, त्या मराठी वाचकाला ते मराठीत समजून घेता यावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

या पुस्तकात मांडलेला मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. गजेंद्रगडकरांनी न्यायालयाला राज्यसंस्थेवर नजर ठेवणारा तटस्थ पहारेकरी मानले नाही. राज्यघटनेने समाज बदलण्याचे जे काम हाती घेतले आहे, त्या कामातला न्यायालय हा एक भागीदार आहे, अशी त्यांची धारणा होती. कामगारांच्या आणि मंदिरप्रवेशाच्या खटल्यांत या धारणेने त्यांच्याकडून थोर काम करून घेतले. संसद आणि न्यायालय या संस्थांच्या अधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा याच धारणेने त्यांची नजर काहीशी मऊ केली. त्यांचे मोठेपण आणि त्यांच्या मर्यादा एकाच मुळातून आल्या आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून टाकता येत नाहीत.

*

गजेंद्रगड हे गाव आज कर्नाटकाच्या गदग जिल्ह्यात आहे. तिथून आलेले हे माध्व घराणे साताऱ्यात स्थिरावले. वडील बाळाचार्य संस्कृतचे गाढे पंडित. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी संपादित केलेल्या संस्कृत नाटकांच्या आवृत्त्या विद्यार्थ्यांच्या हाती खेळल्या. प्रल्हादांचा जन्म १६ मार्च १९०१ चा. त्याआधी बरोबर दोन महिने, १६ जानेवारीला, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे वारले होते. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण रानडे आणि तेलंग यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात जी वाट पाडली, ती पुढे कोणाकडे आली हे पाहताना ही तारीख आठवते.

ती वाट शास्त्र आणि कायदा ही दोन्ही पायाखाली घेऊन चालणाऱ्यांची होती. तेलंगांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८८९ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. महामहोपाध्याय पां. वा. काणे याच न्यायालयात वकिली करत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिले. गजेंद्रगडकर याच जातकुळीतले. सातारा, मग धारवाडचे कर्नाटक कॉलेज, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज, तिथून १९२४ ला एम. ए. आणि त्याच साली स्थापन झालेल्या पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९२६ ला एल्‌एल. बी. असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा रस्ता त्यांनी धरला नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

त्या काळी मुंबईच्या उच्च न्यायालयाचे दोन भाग असत, आणि ते जणू दोन वेगळे देश होते. ओरिजिनल साइडवर मुंबई शहराचे मोठे दिवाणी दावे चालत. तिथे सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांचे राज्य होते. अपेलेट साइडवर जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले येत: वतनाची, वाटणीची, दत्तकाची, कुळांची, देवस्थानांच्या जमिनींची. तिथे देशी शिक्षण घेतलेले वकील उभे राहत. गजेंद्रगडकर १९२६ मध्ये अपेलेट साइडला रुजू झाले. ज्या वकिलाच्या अशिलांची कागदपत्रे साताऱ्याहून, विजापुराहून आणि ठाण्याहून येतात, त्याला कायदा समाजाच्या तळापर्यंत कसा पोहोचतो हे पुस्तकाबाहेर शिकायला मिळते. विधवेने घेतलेला दत्तक ग्राह्य की अग्राह्य, यावर एका कुटुंबाची शेती राहते किंवा जाते. हिंदू कायद्याचे त्यांचे ज्ञान अशा ठिकाणी तापून निघाले.

वकिलीबरोबर त्यांनी ‘हिंदू लॉ क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादन केले आणि नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. दत्तकावरच्या वादात ब्रिटिश न्यायालये ज्या ग्रंथांचा आधार घेत, त्यांतला हा एक प्रमुख ग्रंथ. शास्त्रवचन वाचायचे ते त्याच्या तात्पर्यासाठी, आणि एखादे वाक्य आज्ञा आहे की निव्वळ स्तुती आहे हे आधी ठरवायचे, ही मीमांसेची जुनी शिस्त. गजेंद्रगडकरांचे निकाल वाचताना ही शिस्त जागोजागी जाणवते. कलमाचा शब्द ते सोडत नाहीत, पण कलम कशासाठी आले हे विचारल्याशिवाय पुढेही जात नाहीत. हे माझे वाचन आहे, त्यांचा तसा दावा नव्हता. पण पुढची प्रकरणे या दृष्टीने पाहिली, तर त्यांच्या लेखनाची घडण समजायला मदत होईल असे वाटते.

*

१९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी मुख्य न्यायमूर्तिपदी महंमद करीम छागला आले. बॅरिस्टर छागला आणि शास्त्रीपुत्र गजेंद्रगडकर या जोडीने १९५१ साली एक निकाल दिला, ज्याची चर्चा अजून संपलेली नाही. खटल्याचे नाव ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’.

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहावर बंदी घातली होती. नवी राज्यघटना आल्यावर या कायद्याला आव्हान मिळाले. मुसलमानांना चार बायका करता येतात आणि हिंदूला दुसरी केली की तुरुंग, ही विषमता नव्हे का, असा प्रश्न होता. पुत्राशिवाय सद्गती नाही, म्हणून दुसरे लग्न हे धर्माचे अंग आहे, असेही म्हणणे होते. छागलांनी त्यावर साधे उत्तर दिले: जो धर्म पुत्राची गरज सांगतो, तोच दत्तकाची सोयही सांगतो. दत्तकमीमांसेचा संपादक शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना हे उत्तर दिले गेले, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा राज्याला अधिकार आहे, असे म्हणून खंडपीठाने कायदा वैध ठरवला.

पण त्याच निकालात दुसरा एक मुद्दा होता. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येतात का? दोघांनीही नाही म्हटले. गजेंद्रगडकरांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिले की, हे कायदे धर्मग्रंथांतून आलेले आहेत, ते विधिमंडळाने केलेले नाहीत. त्यांत सुधारणा हवी हे घटनाकारांना माहीत होते आणि ते काम त्यांनी विधिमंडळावर सोपवले. सुधारणेची तळमळ आणि सुधारणा कोणी करायची याचा हा निवाडा, दोन्ही एकाच निकालात शेजारी शेजारी बसलेले दिसतात. याचा परिणाम असा झाला की, पुढची कित्येक दशके स्त्रियांवर अन्याय करणाऱ्या रूढ नियमांना न्यायालयात सरळ आव्हान देणे अवघड झाले. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या भूमिकेशी स्पष्ट मतभेद नोंदवला. या पुस्तकातील तिसरे प्रकरण या एकाच निकालाला दिले आहे, कारण गजेंद्रगडकरांच्या सगळ्या विचाराचा आराखडा इथे लहान आकारात सापडतो.

*

जानेवारी १९५६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते न्यायालय संसद भवनातल्या एका दालनात भरत असे. स्वतःच्या इमारतीत ते १९५८ मध्ये आले. दिल्लीला जाण्याआधी त्यांनी एक काम पार पाडले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाद इतका चिघळला होता की, सरकारने लवादाच्या निर्णयात फेरफार केल्यामुळे कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. या प्रश्नासाठी नेमलेले न्यायमूर्ती राजाध्यक्ष काम अर्धवट असतानाच वारले. ते काम गजेंद्रगडकरांनी १९५५ मध्ये पुरे केले. औद्योगिक वादांची नस त्यांना सापडली ती तिथे.

पुढची दहा वर्षे भारतीय कामगार कायद्याला आकार देणारे निकाल एकामागून एक त्यांच्या लेखणीतून उतरले. ‘क्राउन अॅल्युमिनियम’ खटल्यात त्यांनी बजावले की, जो उद्योग आपल्या कामगाराला किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. १९५९ च्या ‘असोसिएटेड सिमेंट’ खटल्यात त्यांनी बोनसच्या सूत्राची तपशिलात मांडणी केली. हे सूत्र मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वादातून, १९५० मध्ये, कामगार अपील न्यायाधिकरणाने तयार केले होते. एकूण नफ्यातून घसारा, आयकर, यंत्रसामग्रीच्या पुनर्स्थापनेची तरतूद, भागभांडवलावर ६ टक्के परतावा आणि चालू भांडवल म्हणून वापरलेल्या गंगाजळीवरचा परतावा वजा करायचा. जी शिलक उरेल, तिच्यात कामगाराचा वाटा. प्रत्यक्षात मिळणारा पगार आणि माणसासारखे जगता येईल असा पगार यांच्यातली दरी काही अंशी भरून काढण्यासाठी बोनस आहे, ही त्यामागची भूमिका. मालकाची मेहेरबानी म्हणून मिळणारी दिवाळीची भेट इथे हिशेबातली बाब झाली. निकषांची फेरमांडणी हवी असेल तर ती विधिमंडळाने करावी, असेही त्यांनी सुचवले. पुढे बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ चा कायदा आला.

१९६० चा निकाल मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयातील वॉर्डमधल्या नोकरांचा. नुकसानभरपाई न देता काढून टाकलेल्या या कर्मचाऱ्यांच्या बाजूने गजेंद्रगडकरांनी रुग्णालयालाही औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ ठरवले. नफा मिळतो की नाही हा प्रश्न नाही, मालक आणि कामगार यांच्या संघटित सहकार्यातून सेवा निर्माण होते की नाही हे पाहायचे, असा त्यांचा रोख होता. तीन वर्षांनी दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात मात्र शिक्षण हा उद्योग नव्हे, असे त्यांनीच लिहिले. विद्यादानाला कारखान्याच्या चौकटीत बसवायला शास्त्र्याच्या घरातला न्यायाधीश तयार झाला नाही, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. १९७८ मध्ये ‘बंगलोर वॉटर सप्लाय’च्या निकालाने रुग्णालयाबद्दलचे त्यांचे मत उचलून धरले आणि शिक्षणसंस्थेबद्दलचे खोडून काढले.

*

सुरुवातीला उल्लेखलेला म्हैसूरचा खटला, म्हणजे बालाजी खटला, त्याच काळातला. म्हैसूर सरकारने नागनगौडा समितीच्या अहवालानंतर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ६८ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या: मागासांना २८, अधिक मागासांना २२, अनुसूचित जातींना १५ आणि अनुसूचित जमातींना ३. गजेंद्रगडकरांनी हा आदेश रद्द केला. जात हा मागासलेपण ठरवण्याचा एक घटक असू शकतो, एकमेव असू शकत नाही. गरिबी, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण यांचाही विचार व्हायला हवा. आणि खास तरतूद इतकी मोठी असू नये की अपवादच नियमाला गिळून टाकेल.

मूळ निकालात ही मर्यादा किती सैल शब्दांत आली आहे, हे आजच्या वाचकाने जरूर पाहावे. ‘साधारणपणे’, ‘ढोबळ मानाने’ अशा पायघड्या घालून ते तिथे पोहोचतात. आकड्याच्या मागे गणिती सिद्धता नाही, तोल सांभाळण्याचा प्रयत्न आहे. एका पीठाच्या सावध अंदाजाचे पुढच्या काळात लोखंडी कुंपण झाले. आरक्षणाच्या बाजूने लढणारे आणि विरोधात लढणारे दोघेही बालाजीचा हवाला देतात, पण तो शेवटपर्यंत वाचलेले दोन्ही बाजूंना थोडेच.

*

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठताक्रमात न्यायमूर्ती सय्यद जाफर इमाम त्यांच्या वर होते, पण प्रकृतीमुळे ते काम पाहू शकत नव्हते. दोनच महिन्यांत देशासमोर असा पेच उभा राहिला की, त्याला तोड नव्हती.

गोरखपूरचे समाजवादी कार्यकर्ते केशव सिंह यांनी एका काँग्रेस आमदाराविरुद्ध पत्रक काढले. उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगाबद्दल त्यांना सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. १९ मार्च १९६४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने त्यांना जामिनावर सोडले. विधानसभेचा पारा चढला. केशव सिंह, त्यांचे वकील आणि जामीन देणारे दोन्ही न्यायाधीश, या सर्वांना पकडून सभागृहासमोर हजर करा, असा ठराव तिने २१ मार्चला केला. त्यावर अलाहाबादच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाला स्थगिती दिली. राज्याची दोन अंगे एकमेकांच्या अटकेपर्यंत येऊन ठेपली होती. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला.

सात न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. न्यायाधीशांच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड आणि विधानसभेच्या बाजूने होरमसजी सीरवाई, असे त्या पिढीतले दोन दिग्गज समोरासमोर होते. गजेंद्रगडकरांनी सहा जणांच्या वतीने लिहिलेले मत ३० सप्टेंबर १९६४ रोजी जाहीर झाले. इंग्लंडमध्ये संसद सार्वभौम असेल, भारतात राज्यघटना सर्वोच्च आहे आणि तिचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयाचे आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. जामीन देणाऱ्या न्यायाधीशांनी सभागृहाचा अवमान केलेला नाही, असा निर्वाळा दिला. त्याबरोबर न्यायालयांनाही चार शब्द सुनावले: अवमानाचा अधिकार सावधपणे वापरा, रागाच्या किंवा चिडीच्या भरात वापरल्याने न्यायालयाची प्रतिष्ठा वाढत नाही. त्या सबंध निकालपत्रातला सर्वांत टिकाऊ भाग हा आहे, असे मला वाटते. १९६५ मध्ये अलाहाबादच्या न्यायालयाने केशव सिंहांची याचिका गुणवत्तेवर फेटाळली. त्यांना उरलेली शिक्षा भोगावी लागली. तत्त्व न्यायालयाचे राहिले, तुरुंग विधानसभेचा राहिला.

संसदेच्या बाबतीत ते अधिक विश्वास टाकत. ‘सज्जन सिंह’ खटल्यात त्यांनी सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरवली. जमीनसुधारणांना अभय देणारी ती दुरुस्ती त्यांना मनापासून पटणारीच होती. त्या पीठावर आणखी एक मराठी न्यायमूर्ती होते, नागपूरहून आलेले जनार्दन मुधोळकर. राज्यघटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करणे ही खरोखर दुरुस्तीच ठरेल की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे ठरेल, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. आठ वर्षांनी केशवानंद भारती खटल्यात त्या शंकेतून मूलभूत संरचनेचा सिद्धांत उभा राहिला. भविष्य मुधोळकरांच्या प्रश्नात दडले होते. बहुमत मात्र गजेंद्रगडकरांचे होते.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर लागू झालेल्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झालेल्यांच्या ‘माखन सिंह’ खटल्यात त्यांनी राष्ट्रपतींच्या आदेशापुढे मान तुकवली, तरी काही खिडक्या उघड्या ठेवल्या. स्थानबद्धतेचा आदेश दुष्ट हेतूने काढला आहे किंवा कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊन काढला आहे, असे म्हणत न्यायालयात येण्याचा मार्ग त्यांनी बंद केला नाही. १९७५ च्या आणीबाणीत स्थानबद्धांच्या वकिलांनी याच खिडक्यांकडे बोट दाखवले. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने त्या लावून टाकल्या.

*

निवृत्तीच्या आधीच्या दोन महिन्यांत त्यांनी दोन निकाल दिले, आणि त्यांचा सगळा स्वभाव त्या दोहोंत उतरला आहे.

पहिला १४ जानेवारी १९६६ चा. अहमदाबादच्या स्वामीनारायण संप्रदायातल्या सत्संगींनी आपण हिंदू नाही, स्वतंत्र धर्माचे आहोत, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांना लागू नाही, असा दावा १९४८ मध्ये लावला होता. समोर अहमदाबादच्या दलित संघटनेचे अध्यक्ष मूलदास वैश्य होते. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्म म्हणजे काय याचा विस्ताराने ऊहापोह केला. वेद, उपनिषदे, संतपरंपरा, राधाकृष्णन, मॅक्समुल्लर यांचे दाखले दिले आणि टिळकांनी केलेली हिंदू धर्माची व्याख्या समाधानकारक म्हणून स्वीकारली. एकच दैवत, एकच ग्रंथ, एकच संस्थापक नसलेली ही जीवनपद्धती आहे, म्हणून सत्संगीही तिच्यातलेच. दाव्याचे मूळ अंधश्रद्धेत आणि स्वामीनारायणांच्या शिकवणुकीच्या गैरसमजात आहे, असे कठोर शब्दही त्यांनी वापरले. मंदिराचे दार दलितांना उघडले.

१९९५ मध्ये महाराष्ट्रातल्या निवडणूक खटल्यांच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेत ‘हिंदुत्व’ या शब्दाची चर्चा केली. बंद दार उघडण्यासाठी रुंद केलेली व्याख्या प्रचाराच्या भाषणांना आडोसा देण्याच्या कामी आली. गजेंद्रगडकरांवर त्याचा दोष जात नाही. पण न्यायाधीशाने धर्माची व्याख्या करायला बसावे का, हा प्रश्न त्यातून उरतोच. शास्त्राच्या अभ्यासकाला ते काम जमण्यासारखे वाटले असावे. प्रत्येक न्यायाधीश शास्त्राचा अभ्यासक नसतो.

दुसरा निकाल ३ मार्च १९६६ चा, निवृत्तीला बारा दिवस उरले असताना दिलेला. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावर चाललेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश दिला होता. पत्रकार नरेश मिरजकर आणि इतर काही जण त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल लिहिला: न्यायदानासाठी गरज पडली तर उच्च न्यायालयाला असा आदेश देता येतो, आणि न्यायालयीन आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणता येत नाही. एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले. न्यायालयाचा आदेशही नागरिकाच्या हक्कावर घाला घालू शकतो, ही शक्यता गजेंद्रगडकरांच्या मनाला पटली नाही. संस्थेवरचा त्यांचा विश्वास इथे सर्वांत भक्कम आहे आणि सर्वांत अपुराही.

*

१५ मार्च १९६६ रोजी निवृत्त झाल्यावर त्यांना विश्रांती अशी मिळालीच नाही. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच काळात राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षपद होते, ज्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. जम्मू-काश्मीरमधल्या प्रादेशिक असमतोलाची चौकशी त्यांनी केली. १९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाच्या १९७४ च्या अहवालानंतर १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद आली. नरसू आप्पा माळी खटल्यात जे काम विधिमंडळाचे म्हणून त्यांनी बाजूला ठेवले होते, ते पंचवीस वर्षांनी आयोगाच्या टेबलावरून पुढे सरकवण्याची संधी त्यांना मिळाली. १९७२ मध्ये पद्मविभूषण. १२ जून १९८१ रोजी मुंबईत निधन.

या पदांमुळे त्यांच्यावर टीका झाली आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी सरकारी पदे घेऊ नयेत, अशी शिफारस विधी आयोगानेच १९५८ मध्ये केली होती. तो आयोग सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालचा. त्याच आयोगाच्या अध्यक्षपदी पुढे गजेंद्रगडकर बसले, आणि आणीबाणीच्या काळातही ते तिथेच होते. त्यांच्या बाजूने पाहिले तर यात विसंगती नाही: न्यायालय, विद्यापीठ, आयोग ही सारी एकाच राष्ट्रीय कामाच्या वेगवेगळ्या कचेऱ्यांची नावे होती. विरोधकांच्या बाजूने पाहिले तर नेमकी हीच अडचण आहे. सरकारच्या कामात जो स्वतःला भागीदार समजतो, त्याला सरकारकडे परक्याच्या नजरेने पाहणे कितपत जमेल?

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने न करता विषयवार केली आहे. विवाह आणि व्यक्तिगत कायदा, श्रम आणि वेतन, आरक्षण, मंदिर आणि धर्म, संसद आणि न्यायालय असे पाच भाग आहेत. प्रत्येक भागात आधी खटल्याची हकीगत, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, मग निकालाचा सारांश आणि शेवटी त्या निकालाचे पुढे काय झाले ते दिले आहे. वकिली परिभाषा शक्य तिथे सोडली आहे. ‘रिट’, ‘बोनस’, ‘अपील’ असे रूढ झालेले शब्द तसेच ठेवले आहेत.

वाचकाला एकच विनंती. निकालाचा शेवट आधी पाहू नये. कोण जिंकले हे कळले की, युक्तिवाद वाचायचा राहून जातो, आणि गजेंद्रगडकरांचे खरे बळ युक्तिवादातच आहे. हरणाऱ्या पक्षाचे म्हणणे ते पूर्ण ताकदीनिशी मांडतात आणि मगच ते खोडतात. त्यामुळे त्यांच्याशी मतभेद असलेल्या वाचकाला स्वतःच्या बाजूचे हत्यार बहुधा त्यांच्याच निकालपत्रात सापडते. मिरजकर खटल्यात मी हिदायतुल्लांच्या बाजूचा आहे, सज्जन सिंह खटल्यात मुधोळकरांच्या. तरी त्या दोन्ही ठिकाणी आपण नेमके काय नाकारत आहोत हे मला गजेंद्रगडकरांनीच शिकवले. न्यायाधीशाकडून नागरिकाने याहून अधिक अपेक्षा करावी, पण याहून कमीवर समाधान मानू नये.